लॅपटॉपचा बदली अडॅप्टर

मूळ चार्जर जळाला, हरवला किंवा त्याची वायर तुटली की त्याच्या जागी घेतला जाणारा अडॅप्टर. घरातल्या २३० व्होल्ट एसी विजेचे तो लॅपटॉपला लागणाऱ्या, बहुधा १९ ते २० व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या दुकानांत मूळ कंपनीचे आणि ‘कंपॅटिबल’ असे दोन्ही चार्जर शेजारी शेजारी मांडलेले असतात. गिऱ्हाईक आधी पिन बसते का ते पाहते आणि मग वरचे कंपनीचे नाव. या दोन्ही खुणा कच्च्या आहेत. खरा आधार लॅपटॉपच्या तळाशी किंवा जुन्या चार्जरवर छापलेल्या आकड्यांचा.

बाहेरून ५.५ मिलिमीटर जाडीची गोल पिन १२ व्होल्टच्या वायफाय राउटरलाही असते आणि १९ व्होल्टच्या लॅपटॉपलाही. फरक आतल्या छिद्रात, तोही मिलिमीटरच्या अंशाचा. म्हणून ‘आउटपुट’पुढचे व्होल्ट आधी जुळवावेत. १९ आणि १९.५ मधला फरक बहुतेक यंत्रे पचवतात, १२ आणि १९ मधला नाही. सोबतच्या छोट्या आकृतीत धन टोक आत आहे की बाहेर, हेही ताडून घ्यावे. अँपिअरचा नियम वेगळा आहे. जास्त अँपिअरने लॅपटॉप जळेल ही भीती निराधार आहे, कारण यंत्र लागेल तेवढाच प्रवाह ओढते. १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४.६२ अँपिअरचा, म्हणजे ९० वॉटचा चार्जर चालतो. उलट ६५ वॉटच्या यंत्राला ४५ वॉटचा लावला तर चार्जर तापतो, बंद पडतो किंवा बॅटरी भरतच नाही. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये पिनमधली मधली बारीक तार चार्जरची ओळख यंत्राला कळवते. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी चार्ज होत नाही. दुकानात चालू झाला म्हणून चार्जर योग्य, हा युक्तिवाद इथेच मोडतो.

यूएसबी-सीमुळे ही कटकट संपली, असे म्हणतात. ते अर्धेच खरे: त्या पोर्टमधून चार्जिंग घेण्याची सोय लॅपटॉपमध्ये असावी लागते, आणि साधी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटच देते.

दुसरा आक्षेप असा की या बाजारात अस्सल काय ते कळणारच नाही. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरवर नकली मालाचा शिक्का जुनाच आहे. पण सगळ्या शहराच्या मालावर सरसकट संशय घेणे अन्यायाचे आहे. ‘कंपॅटिबल’ म्हणजे नकली नव्हे. दुसऱ्याचे नाव छापलेला तो नकली. लॅपटॉपचे अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीत येतात, आणि चार्जरवरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर कोणालाही पडताळता येतो. क्रमांक चोरून छापता येतो हे खरे. म्हणून अॅपवर दिसणारा उत्पादक आणि हातातल्या चार्जरवरचा उत्पादक एकच आहे का, ते पाहावे. क्रमांकच नसेल तर किंमत कितीही कमी असो, तो घेऊ नये. खरेदीला जाताना लॅपटॉप अर्धी बॅटरी उतरलेला सोबत न्यावा, चार्जिंग सुरू झाल्याची खूण काउंटरवरच पाहावी आणि पक्के बिल मागावे.