ब्रिक्स्टनमधली घरं

लंडनमध्ये मी भाड्याचं घर शोधलं, तेव्हा एजंटाने फक्त पगाराचा दाखला मागितला. ही मोकळीक आयती आलेली नाही. १९४८नंतर जमैकाहून आलेल्यांना खिडक्यांतल्या पाट्याच बजावत, काळ्यांना खोली नाही. १९६५च्या वंशसंबंध कायद्याने वंशावरून घर नाकारण्यावर बंदी घातली नव्हती. ती १९६८च्या कायद्यात आली. मला मात्र कायद्याहून थोर वाटतात ती तोवर हातावर हात धरून न बसलेली माणसं. बिल्डिंग सोसायट्या, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या संस्था, कर्ज देईनात, तेव्हा त्यांनी ‘पार्डनर’ लावला. आपल्या भिशीसारखाच: ठरलेली रक्कम प्रत्येकाने भरायची, पाळीपाळीने एकेकाने सगळी उचलायची. त्यातून लंडनच्या ब्रिक्स्टन भागातली जुनी, मोडकळीला आलेली घरं घेतली आणि नव्याने उतरलेल्या गाववाल्यांना खोल्या भाड्याने दिल्या.