दारफळणीचा सण

बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला आणि कोकणातून पुण्याला येणं सोपं झालं. कंपनी सरकारच्या फौजेत शिरलेली बेने इस्रायली ज्यू घराणी अशीच घाट चढून पुण्याच्या लष्कर भागात येऊन राहिली. मूळची ती कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांतली. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

कोकणात असताना हिब्रू ही मंडळी विसरली होती. पोथी नाही, धर्मगुरू नाही. पाठ होती ती ‘शेमा’ची प्रार्थना. तरीही वर्षाचा सर्वांत कडक दिवस, ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची दशमी, त्यांनी सोडली नाही. जग त्याला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणतं, कोकणात तो दारफळणीचा सण.

तयारी मात्र स्वयंपाकघरातून सुरू व्हायची. तिश्रीच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण. त्यासाठी आजही चिकाचा हलवा होतो: गहू भिजवायचे, वाटायचे, चीक गाळून घ्यायचा आणि नारळाच्या दुधात साखर घालून तो आटेपर्यंत ढवळत बसायचं. गाईचं दूध नाही, कारण सणाच्या जेवणात मटण असतं आणि मांसाबरोबर दूध चालत नाही. चौथ्या दिवशी खिरीचा सण. नव्या तांदळाची खीर, धुपाचा वास आणि तोंडाने शेमा. मग सहा दिवसांनी या गोडाधोडावर उतारा.

आदल्या दिवशी आंघोळ, अंगावर पांढरे कपडे, दिवस बुडायच्या आत जेवण. त्यानंतर दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. दारं लावून घ्यायची (त्यावरूनच दारफळणी), परक्याशी बोलणं-शिवणं बंद. पापाचा हिशेब कुठल्या शब्दांत मांडायचा हे ठाऊक नसलेल्या माणसांनी तो असा दाराच्या कडीत आणि रिकाम्या पोटात सांभाळला. पूर्वज या दिवसांत घरी येतात असाही समज होता. उपासानंतरचा दिवस शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दान आणि आप्तेष्टांच्या भेटीगाठी.

शब्द नंतर आले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल, टिपूच्या कैदेतून सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. पुढे कोचीनहून शिक्षक आले, त्यांतले शेलोमो सालेम शुर्राबी मुंबईत हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, झाले. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. आता तिश्रीच्या आधीच्या एलूल महिन्यापासूनच क्षमायाचनेच्या ‘सलिहोत’ म्हणता येऊ लागल्या, आणि माणसाचा अपराध केला असेल तर आधी त्या माणसाची समजूत काढावी लागते, नुसता उपास पुरत नाही, ही ‘मिश्ना’ या ज्यू धर्मग्रंथातली अटही मराठीतून कानावर पडली. ही अट उपासापेक्षा जड, असं कुणालाही वाटेल.

घरचं बंद दारही मग आपोआप अर्थ बदलून बसलं: घराला कुलूप, कारण सगळे दिवसभर सिनेगॉगमध्ये. पुण्यात डेव्हिड ससूनचं लाल देऊळ १८६७ साली पुरं झालं, पण ते बगदादी ज्यूंचं. बेने इस्रायलींचं ‘सुक्कथ शेलोमो’ रास्ता पेठेत उभं राहिलं ते १९२१ साली. तिथल्या दिवसभराच्या प्रार्थनांचा शेवट ‘नेइला’ने होतो, आणि ती प्रार्थनाही दारं बंद होण्याचीच, स्वर्गाची. हैम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ साली समाजाचा इतिहास लिहिला, त्यात या सणांची मराठी नावं नोंदली. ते पुस्तक छापलं गेलं १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

ज्यू पंचांगही चंद्रावर चालतं, त्यातही अधिक महिना धरतात, पण आपल्या हिशेबाने नाही. त्यामुळे हा उपास २०२३ साली ऐन गणपतीत आला, तर २०२४ आणि २०२५ साली थेट दसऱ्याला.