एका कानाचें अंतर

कुत्र्यांच्या दोन जातींवर इतिहासाच्या प्राध्यापकानें लेख लिहावा, याची वाचकांस थोडी गंमत वाटेल. परंतु नोंदवहींतील एका ओळीनेंही इतिहास घडतो, आणि त्याचा बोलका दाखला पूर्व इंग्लंडांतील नॉर्विच व नॉर्फोक या दोन चिमुकल्या टेरियरांत सांपडतो.

'टेरियर' हा शब्द 'जमीन' या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला आहे. बिळांत शिरून उंदीर, कोल्हे यांस हुसकून काढणारा कुत्रा तो टेरियर. प्रस्तुतचे दोघेही खांद्याशीं जेमतेम दहा इंच उंच. पाय आंखूड, केंस राठ, रंग तांबूस, गव्हाळ किंवा करडा. मग ओळखावयाचे कसे? कानांवरून. नॉर्विचचे कान ताठ उभे असतात. नॉर्फोकचे पुढें दुमडून गालांशीं टेकलेले. नॉर्विच येथील कॅथीड्रलचें सुमारें ३१५ फूट उंच शिखर आठवलें म्हणजे उभे कान, आणि नॉर्फोक परगण्याची सपाट भूमि आठवली म्हणजे पडके कान, अशी खूण श्वानप्रेमी सांगतात.

मौज अशी कीं, मुळांत हे दोन नव्हतेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजचे विद्यार्थी असले उंदीरमारे कुत्रे हौसेनें पाळीत. तेथील ट्रंपिंग्टन रस्त्यावरून त्यांस 'ट्रंपिंग्टन टेरियर' असेंही नांव पडलें होतें. पुढें १९३२ सालीं इंग्लंडच्या केनेल क्लबनें 'नॉर्विच टेरियर' या एकाच नांवाखालीं दोन्ही प्रकारांस मान्यता दिली. मात्र मिश्र जोडप्याच्या पिलांचे कान पुष्कळदां धड उभे ना धड पडके असे निघत. म्हणून पैदास करणारे असा संकर टाळूं लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पडक्या कानांचे कुत्रे फार थोडे उरले. तो वंश तगला याचें श्रेय बव्हंशीं मिस मॅरियन मॅक्फी यांच्या चिकाटीस दिलें जातें. अखेर १९६४ सालीं क्लबनें पडक्या कानांच्या कुत्र्यांस 'नॉर्फोक टेरियर' हें निराळें नांव दिलें. अमेरिकेंतील क्लबनें हाच निर्णय १९७९ सालीं घेतला.

एका कुळांतले भाऊबंद याप्रमाणें कागदावर परके झाले. तेव्हांपासून त्यांच्या सोयरिकी निरनिराळ्या होत गेल्या, आणि आज जाणकारांस कानांपलीकडेही फरक दिसतो: नॉर्विच अधिक आटोपशीर, तर नॉर्फोक किंचित् लांबट. भेद होता म्हणून नोंद झाली हें खरें. पण नोंद झाली म्हणून भेद वाढला, हेंही आम्हांस तितकेंच खरें वाटतें.

या बंद नोंदवहीची एक किंमतही आहे. सोयरिकीचें वर्तुळ आकसलें म्हणजे रक्तांतील छुपे दोष वर येतात. नॉर्विच टेरियरांत श्वसनमार्गाचा एक विकार आढळतो. १९१९ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१९ सालीं, संशोधकांनीं त्याचा संबंध एका जनुकांतील बदलाशीं जोडला. तोच बदल बुलडॉगांतही सांपडला. हा दोष विभागणीनेंच आणला असें आमचें म्हणणें नाहीं. तथापि शेजारच्या भावाचें रक्त घेण्याची वाट लेखणीच्या एका फटकाऱ्यानें अडली, हें नाकारतां येत नाहीं.

कान पाहून नांव सांगणें कोणासही साधेल. तें नांव कोणी, केव्हां व कां दिलें, आणि त्याचा भार कोण वाहतो, हें विचारणें इतिहासाच्या वाट्यास येतें.