मुलांचा व्यायाम : अमेरिकेला हादरवणाऱ्या एका चाचणीची गोष्ट

"डॉक्टर, मुलगा दिवसभर बसून असतो. त्याला कोणता क्लास लावू?" पालकांचा हा प्रश्न आता रोजचाच झाला आहे. सत्तर वर्षांपूर्वी याच प्रश्नाने अमेरिकेत मोठी खळबळ उडवली होती आणि तो थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचला होता. तेव्हा तिथे काय कळले आणि पुढे कुठे चुकले, हे आज आपल्यालाही उपयोगी पडेल.

पाठदुखीतून आलेली चाचणी

डॉ. हान्स क्राउस हे ऑस्ट्रियात शिकलेले शल्यचिकित्सक १९३८ साली न्यूयॉर्कला आले. स्वतः पक्के गिर्यारोहक. त्यांच्याकडे पाठदुखीचे रुग्ण बरेच येत. त्यातल्या अनेकांच्या मणक्यात कोणताही आजार सापडत नसे, मात्र पोटाचे आणि पाठीचे स्नायू अशक्त किंवा आखडलेले असत. अशा रुग्णांची पारख करण्यासाठी क्राउस आणि त्यांच्या सहकारी सोन्या वेबर यांनी सहा साध्या हालचालींची चाचणी तयार केली.

उताणे झोपून उठून बसणे, एकदा पाय सरळ ठेवून आणि एकदा गुडघे वाकवून. उताणे झोपून दोन्ही पाय १० सेकंद उचलून धरणे. पालथे झोपून आधी छाती आणि मग पाय तसेच १० सेकंद उचलून धरणे. शेवटी गुडघे न वाकवता खाली वाकून बोटे जमिनीला टेकवणे. बस, एवढेच. ताकदवान कोण हे शोधण्याचा यात हेतू नव्हता. रोजच्या आयुष्याला लागणारी किमान ताकद आणि लवचीकता आहे की नाही, एवढेच यातून कळायचे. सहापैकी एक जरी हालचाल जमली नाही तरी नापास.

(उत्सुकतेपोटी ही परीक्षा घरी घेऊ नका. पाय सरळ ठेवून उठण्याने कमरेवर बराच ताण येतो.)

निकाल

ही चाचणी शाळकरी मुलांना दिली गेली. इटली, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधली सुमारे ९ टक्के मुले नापास झाली. अमेरिकेतली मात्र जवळजवळ ५८ टक्के! क्राउस यांनी हे निष्कर्ष १९५३-५४ च्या सुमारास प्रसिद्ध केले.

यात गंमत अशी की अमेरिकेत तेव्हा सुबत्ता होती. दूध, मांस, फळे मुबलक होती. उलट युरोप नुकताच महायुद्धातून बाहेर पडला होता. मग असे का व्हावे? क्राउस यांचे उत्तर सरळ होते. युरोपातले मूल शाळेत चालत जाते, जिने चढते, बाहेर हुंदडते. अमेरिकेतले मूल मोटारीतून किंवा शाळेच्या बसमधून जाते, लिफ्टने वर जाते आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसते. मुले आजारी नव्हती, आळशीही नव्हती. मोठ्यांनी सोयी करता करता त्यांच्या दिवसातली हालचालच काढून घेतली होती.

११ जुलै १९५५ रोजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नामवंत खेळाडूंसह क्राउस आणि त्यांच्या सहकारी, व्यायामशिक्षिका बॉनी प्रडेन यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावून हे निष्कर्ष ऐकले. सप्टेंबरमध्ये त्यावर परिषद भरायची होती, पण नेमका त्याच महिन्यात आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि परिषद लांबणीवर पडली. अखेर जुलै १९५६ मध्ये मुलांच्या तंदुरुस्तीसाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली.

या चाचणीवर टीकाही झाली, आणि ती रास्त होती. बरीच मुले केवळ वाकण्याच्या हालचालीत नापास झाली होती. शिवाय हृदय आणि फुप्फुसांची क्षमता, म्हणजे मूल किती वेळ धावू शकते, हे त्यात मोजलेच जात नव्हते. पण क्राउस यांनी दाखवलेले कारण मात्र आजही तितकेच खरे आहे.

उपाय कुठे फसला?

लवकरच शाळांमध्ये देशव्यापी चाचण्या सुरू झाल्या. पुलअप्स, उठाबशा नव्हे तर सिटअप्स, लांब उडी, धावणे. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुरस्कार जाहीर केला. त्यासाठी प्रत्येक प्रकारात आपल्या वयाच्या मुलांमध्ये साधारण पहिल्या १५ टक्क्यांत येणे आवश्यक होते. म्हणजे बहुतेक मुलांना तो मिळणे शक्यच नव्हते. जी मुले आधीपासूनच चपळ, त्यांना शाबासकी. ज्यांना व्यायामाची खरी गरज, ती सगळ्या वर्गासमोर दांड्याला लोंबकळत राहायची. ती शरम कित्येक अमेरिकन प्रौढांच्या आजही लक्षात आहे. २०१२-१३ नंतर ही जुनी चाचणी बंद करून मुलाची स्वतःची प्रगती पाहणारी पद्धत आणली गेली. २०२५ मध्ये जुनी चाचणी परत आणण्याचा आदेश निघाला, म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही.

वजनकाट्यावर रोज उभे राहून वजन उतरत नाही. तसेच वर्षातून एकदा चाचणी घेऊन मूल तंदुरुस्त होत नाही.

आपण काय करावे?

क्राउस यांची यादी पुन्हा वाचा : मोटार, शाळेची बस, लिफ्ट, टीव्ही. त्यात मोबाइलची भर घाला, की झाले आपल्या शहरातल्या मुलांचे वर्णन. म्हणून क्लास शोधण्याआधी मुलाचा दिवस तपासा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी. आठवड्यातून किमान ३ दिवस त्यात जोरकस हालचाल आणि स्नायू-हाडे बळकट करणारे प्रकार हवेत. पळणे, उड्या, दोरीवर उड्या, चढणे, लंगडी, खो-खो हे सगळे त्यात येते. ही ६० मिनिटे सलग नसली तरी चालतात.

अगदीच बैठे मूल असेल तर १०-१५ मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडे वाढवा. शाळा जवळ असेल तर चालत न्या. दोन-तीन मजले जिन्याने चढू द्या. खेळ त्याच्या आवडीचा आणि सोबत त्याच्या मित्रांची असू द्या. शेजारच्या मुलाशी तुलना नको. गेल्या महिन्यापेक्षा आज त्याला किती जास्त जमते, तेवढेच पाहा. आणि स्वतःही त्याच्याबरोबर उतरा. आई-बाबा सोफ्यावर बसून "जा, खेळ" म्हणाले तर मूल ऐकत नाही.

दमा असलेल्या मुलांनीही व्यायाम करावा. फक्त आधी हळूहळू शरीर गरम करावे आणि डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ ठेवावा. मात्र खेळताना मूल बेशुद्ध पडले, छातीत दुखले, किंवा घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

बाकी बहुतेक मुलांना परवानगीची गरज नाही. त्यांना जागा, वेळ आणि सोबत द्या. आज संध्याकाळी अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून मुलाला घेऊन खाली उतरा.