पहिलं शाल-श्रीफळ

राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. १९६२पासून ५ सप्टेंबर हा शिक्षकदिन झाला. गुरुजनांचा गौरव व्हायलाच हवा. पण शाळेच्या इतिहासात मला आणखी एक तारीख नोंदवायची आहे : २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या आणि घाटकोपरच्या आपल्या शाळेत आम्ही सातवीतले काही जण रात्रभर अडकलो. शिपाई मामांनी कमरेएवढ्या पाण्यातून पाव-बिस्किटं आणली, मावशींनी चहा केला. दोघांच्याही घरात पाणी शिरलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. सन्मानफलकावर त्यांची नावं नाहीत. या मेळाव्यातलं पहिलं शाल-श्रीफळ त्या दोघांना द्यावं, ही विनंती.