मालकाचं मत हा पुरावा असतो का? वालचंद, क्रायस्लर आणि आजोबांचा ट्रक



पेट झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायला बसलाय, अशा सगळ्यांसाठी आजचा लेख आहे. मी मूळचा संख्याशास्त्राचा विद्यार्थी. एम.एस्सी. करून पीएच.डी.ला आलो आणि विषय घेतला यंत्रांच्या टिकाऊपणाचा. म्हणजे एखादी वस्तू किती दिवस चालते आणि कधी बंद पडते, याचं गणित. तसं बघितलं तर इतिहासाशी माझं काही देणंघेणं नाही. पण माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमधली चूक मला इतिहासानेच दाखवली, आणि तीही सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या आमच्या घरात.

झालं असं की आजोबा आणि त्यांचे जुने ट्रकवाले दोस्त संध्याकाळी चहाला बसले की एकच विषय असतो. "आताच्या गाड्या म्हणजे नुसता पत्रा. अमेरिकन गाडी म्हणजे लोखंड की रे!" हे ऐकतच मी मोठा झालो. मग ठरवलं, यालाच अभ्यासाचं रूप देऊ. बारा जुन्या ट्रकमालकांशी बोललो. अकरा जणांनी गाडीची तारीफ केली. मी लिहून टाकलं: जुन्या अमेरिकन बनावटीच्या गाड्या जास्त टिकाऊ होत्या. समितीसमोर सादर केलं, तर एका सरांनी एकच प्रश्न विचारला. "ज्यांच्या गाड्या टिकल्या नाहीत, ते लोक कुठे आहेत?"

उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आली. तो प्रश्न घेऊन मी मागे मागे गेलो, ते थेट डेट्रॉईटपर्यंत. वाटेत आपलं सोलापूर लागलंच.

सोलापूर ते कुर्ला

अशोक चौकातलं वालचंद कॉलेज आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांचं नाव त्याला आहे ते वालचंद हिराचंद 23 नोव्हेंबर 1882 रोजी याच गावात जन्मले, हे किती जणांना माहीत असतं? सुरुवात रेल्वेच्या ठेकेदारीची. मग 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही बोटींची कंपनी, 1940 साली बंगळूरला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजबांधणी. आणि या सगळ्यांच्या जोडीला मोटारीचं स्वप्न.

त्या वेळी भारतात मोटारी जोडल्या जात होत्या, बनत नव्हत्या. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत जोडणीचा कारखाना टाकला होता, फोर्डही होती. पेट्यांमधून सुटे भाग यायचे आणि इथे बोल्ट आवळले जायचे. विश्वेश्वरय्यांनी 1930च्या दशकात देशी मोटार कारखान्याची योजना मांडली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेत फोर्डशी बोलणी जमली नाहीत, क्रायस्लरशी जमली. पण युद्धाच्या काळात इंग्रज सरकारने हात दिला नाही. शेवटी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि 1947 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

त्या गाड्यांवर नावं होती डॉज, प्लिमथ, डिसोटो, आणि ट्रकवर फार्गोसुद्धा. इथे एक गंमत लक्षात घ्या. डॉज किंग्जवे, प्लिमथ सेव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तिन्ही मोटारी आतून जवळपास एकच. पुढची जाळी वेगळी, बिल्ला वेगळा. तरीही "डॉजची सर प्लिमथला नाही" असं छातीठोक सांगणारे लोक मला भेटले. म्हणजे मत गाडीबद्दल होतं की बिल्ल्याबद्दल? पहिला धडा इथेच: मत नेमकं कशाबद्दल आहे, हे आधी वेगळं करा.

1953 साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. देशात उत्पादन करायची तयारी नसलेल्या, फक्त जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, प्रीमियर राहिली. त्याच वर्षी 8 एप्रिलला वालचंद वारले. पुढे मोटारींमध्ये प्रीमियरचा भर इटलीच्या फियाटवर गेला. मोठ्या इंजिनाची, पेट्रोल पिणारी अमेरिकन मोटार आपल्या खिशाला झेपणारी नव्हतीच. छोटी फियाट 1100 आली, आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप घेऊन ती 2023 पर्यंत रस्त्यावर होती.

परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. इतकी वाट बघून हातात आलेल्या गाडीला कोण नावं ठेवेल? शिवाय तुलना करायला दुसरी गाडी होती कुठे? दुसरा धडा: मत हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. ती तुलना कोणती, हे लिहून ठेवा.

तिकडे डेट्रॉईटमध्ये

आता मूळ कंपनीकडे येऊ. वॉल्टर क्रायस्लर हा रेल्वेच्या वर्कशॉपमधून वर आलेला मेकॅनिक. 1925 साली त्याने क्रायस्लर कॉर्पोरेशन काढली. 1928 या एकाच वर्षात प्लिमथ आणि डिसोटो हे ब्रँड सुरू केले आणि डॉज ब्रदर्स ही जुनी मोठी कंपनी विकत घेतली. त्यामुळे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर असे अमेरिकेचे "मोठे तीन" तयार झाले.

या कंपनीच्या इतिहासात लोकांच्या मताने दोनदा मोठा फटका दिला, आणि दोन्ही वेळा वेगळ्या कारणाने.

पहिली वेळ 1934 ची. हवेच्या बोगद्यात चाचण्या करून क्रायस्लरने एअरफ्लो नावाची गोलसर, वारा कापणारी मोटार काढली. काळाच्या पुढची रचना होती. पण लोकांना तिचं तोंडच आवडलं नाही. त्यात सुरुवातीला गाड्या वेळेवर मिळेनात आणि पहिल्या काही गाड्यांत दोषही निघाले. 1937 नंतर एअरफ्लो बंद झाली. आता सांगा, हे मत मालकांचं होतं का? बहुतांश नव्हतं. ते गाडी न घेणाऱ्यांचं होतं. गाडी रोज वापरणाऱ्याला काय वाटतं हा एक प्रश्न आहे, आणि शोरूमबाहेरून बघून निघून जाणाऱ्याला काय वाटतं हा दुसरा. दोन्ही महत्त्वाचे, पण एका कोष्टकात बसत नाहीत.

दुसरी वेळ 1957 ची. लांब, बुटक्या, मागे पंख असलेल्या गाड्या आल्या. लोक तुटून पडले, मासिकांनी कौतुक केलं. पण कारखान्यातून त्या घाईघाईत बाहेर काढल्या होत्या. पुढच्या काळात गंज, पाण्याची गळती अशा तक्रारी यायला लागल्या आणि कंपनीच्या नावाला बट्टा लागला. पहिल्या महिन्यात विचारलं असतं तर मालक खूश, दोन-तीन वर्षांनी विचारलं असतं तर हैराण. गाडी तीच, मालकही तोच. तिसरा धडा: मतावर तारीख असते.

म्हणूनच पुढे अशा सर्वेक्षणांमध्ये वेळ ठरवून विचारायची पद्धत आली. जे.डी. पॉवर या संस्थेचं एक सर्वेक्षण गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या 90 दिवसांबद्दल विचारतं, आणि दुसरं तीन वर्षं जुन्या गाड्यांबद्दल. शिवाय "गाडी कशी आहे?" असं मोघम न विचारता दर 100 गाड्यांमागे किती तक्रारी, असा आकडा काढतात. हेही आंधळेपणाने घेऊ नका. 100 गाड्यांमागे 100 तक्रारी म्हणजे प्रत्येक गाडीला एक किरकोळ तक्रार, किंवा 90 गाड्या ठणठणीत आणि 10 मालक रडकुंडीला. सरासरी एकच, गोष्ट वेगळी.

जे परत आले नाहीत ते

आता सरांच्या प्रश्नाकडे. दुसऱ्या महायुद्धात आब्राहम वॉल्ड या संख्याशास्त्रज्ञाने हाच प्रश्न विमानांच्या बाबतीत सोडवला होता. मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते मोजलं जात होतं. वॉल्डचं म्हणणं असं की ही फक्त वाचलेल्यांची नोंद आहे. जिथे भोकं दिसत नाहीत तिथे लागलेली विमानं परतच आली नाहीत. हे वॉल्ड 1950 साली व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीत विमान अपघातात गेले. नियतीचा खेळ, दुसरं काय.

एक काल्पनिक उदाहरण घ्या. 100 जणांनी ट्रक घेतला. वीस वर्षांनी त्यातले 15 जण अजून धंद्यात आहेत, आणि त्यातले 13 म्हणतात गाडी उत्तम. तुम्ही लिहिता, 87 टक्के मालक समाधानी. पण खरं तर तुम्हाला 100 पैकी फक्त 13 जणांचं समाधान माहीत आहे. उरलेल्या 85 जणांना तुम्ही विचारलंच नाही. आणि ज्याने सहाव्या वर्षी ट्रक विकला, त्याचा ट्रक "सहा वर्षांत संपला" असंही लिहिता येत नाही. तो निदान सहा वर्षं चालला, एवढंच आपल्याला कळतं. आमच्या विषयात याला सेन्सर्ड डेटा म्हणतात. अशा अर्धवट नोंदी फेकून द्यायच्या नसतात. त्या अर्धवट आहेत हे मान्य करून गणितात घ्यायच्या असतात.

आजीचं खातं

सिनॉप्सिस परत आल्यावर मी तोंड पाडून घरी बसलो होतो. आजी भाकरी थापत होती. म्हणाली, "काय झालंय रे? काय लिहायलास एवढं?" सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "बारा जणांना विचारलास, मला नाही विचारलास."

मग तिने सांगितलं. आजोबांनी 1971 साली जुना ट्रक घेतला होता. त्याची कंपनी मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका घरच्या अनुभवावरून एखाद्या कंपनीला दोष द्यायचा नाही, हाच तर या लेखाचा मुद्दा आहे. तो ट्रक दोन पावसाळे गॅरेजसमोर उभा होता. एका सुट्या भागासाठी आजोबांनी मुंबईला तीन खेपा मारल्या. त्या काळात आजीच्या पाटल्या गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. "तुझा आजा गाडी चालवायचा, घर मी चालवत होते. गाडी लोखंडाची होती खरी, पण तिला खाऊ सोनं घालावं लागलं."

आजोबा खोटं बोलत होते का? नाही. त्यांना घाटात भरल्या ओझ्याने चढणारी गाडी आठवते. आजीला उभी असलेली गाडी आठवते. आरसी बुकावर नाव आजोबांचं, म्हणून माझ्या लेखी मालक एकच होता. किंमत मोजणारा दुसरा मालक माझ्या यादीत नव्हताच. त्या बारा घरांपैकी एकाही घरात मी स्वयंपाकघरापर्यंत गेलो नव्हतो.

दुसऱ्यांदा सिनॉप्सिस लिहिली तेव्हा मालकासोबत ड्रायव्हर, गॅरेजवाला आणि घरातली बाई, असे चार जण प्रत्येक गाडीमागे घेतले. गाडी आता नसली तरी ती घेतली. आठवणींच्या जोडीला जुनी बिलं, पासिंगचे कागद, हिशेबाच्या वह्या मागितल्या. निष्कर्ष पहिल्याइतका झोकदार राहिला नाही. पण मंजूर झाला.

क्रायस्लरचं पुढे काय झालं, तेही सांगतो. 1960 साली अमेरिकेत डिसोटो बंद झाली, 1979-80 ला कंपनी सरकारी हमीच्या कर्जावर वाचली, आणि 2009 साली दिवाळखोरीत गेल्यावर तिला फियाटनेच हात दिला. ज्या दोन कंपन्यांची नावं कुर्ल्यात एका छपराखाली आली होती, त्या साठेक वर्षांनी तिकडे एक झाल्या. 2017 पासून त्याच घराण्यातली जीप कंपास पुणे जिल्ह्यात रांजणगावला बनते आहे. तिच्याबद्दल लोक काय म्हणतात, हे तुमच्यापैकी कुणी अभ्यासणार असाल तर विचारण्याआधी एक यादी करा: कुणाला विचारतोय, कधी विचारतोय, कशाच्या तुलनेत विचारतोय, आणि कोण सुटलंय.

शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरा. आमच्या घरात तो चुलीपाशी बसला होता.