व्हिक्टोरियन रहस्यकथा

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील (१८३७–१९०१) ब्रिटिश समाजात घडणारी गुन्हेशोधकथा. त्या काळात लिहिलेल्या कथांप्रमाणेच पुढील लेखकांनी तो काळ उभा करून लिहिलेल्या कथाही या प्रकारात मोडतात.

उगम : लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात १८४२ मध्ये गुप्तहेर शाखा सुरू झाली. रोड हिल हाउस या सुखवस्तू घरात १८६० मध्ये एका लहान मुलाचा खून झाला. तपासाला आलेले या शाखेचे इन्स्पेक्टर जॅक व्हिचर यांनी मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स केंट हिच्यावर संशय घेतला. तिचा एक रात्रझगा नाहीसा झाला होता, पण पुरावा अपुरा पडला आणि व्हिचर यांच्यावरच टीकेची झोड उठली. १८६५ मध्ये तिने गुन्हा कबूल केला. विल्की कॉलिन्स यांच्या ‘द मूनस्टोन’ या हिऱ्याच्या चोरीवरील कादंबरीत (१८६८) या प्रकरणाचे पडसाद दिसतात. तेथेही एका डागाळलेल्या रात्रझग्याचा शोध चालतो. चोरीला गेलेला हिरा मात्र मुळात सोमनाथाच्या मूर्तीचा आणि श्रीरंगपट्टणच्या लुटीत (१७९९) इंग्रजांच्या हाती लागलेला आहे.

आर्थर कॉनन डॉयल यांचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये अवतरला. १८९१ पासून ‘स्ट्रँड’ मासिकात त्याच्या लघुकथा येऊ लागल्या. नायक तोच, पण प्रत्येक कथा स्वयंपूर्ण. त्यामुळे एखादा अंक चुकला तरी वाचकाचे अडत नसे. होम्सच्या एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा आहेत.

आकर्षण : एकोणिसाव्या शतकात लंडनची लोकसंख्या सुमारे १० लाखांवरून ६५ लाखांवर गेली. शेजारी कोण राहतो हे कळेनासे झालेल्या या शहरात बुटावरचा चिखल, सिगारची राख किंवा हातावरचे घट्टे पाहून अनोळखी माणूस ओळखता येतो, असा दिलासा ही कथा देते. लंडन पोलिसांच्या स्कॉटलंड यार्ड या मुख्यालयात बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ मध्ये निघाला. तोपर्यंतच्या कथेत प्रयोगशाळेचा आधार तुटपुंजा असल्याने निरीक्षण आणि तर्क यांवरच भिस्त राहते आणि वाचकालाही शोधकाशी स्पर्धा करता येते. शिवाय तार व रेल्वे यांमुळे पाठलागाला वेग येतो, तर प्रतिष्ठेपायी झाकलेली गुपिते गुन्ह्याला कारण पुरवतात.

उत्तरकालीन लेखन : पीटर लव्हसी यांनी ‘वॉबल टू डेथ’मध्ये (१९७०) सार्जंट क्रिब याला, तर ॲन पेरी यांनी ‘द केटर स्ट्रीट हँगमन’मध्ये (१९७९) इन्स्पेक्टर पिट याला आणले. पेरी यांच्या कथामालेत वर्गभेद हाच तपासातला मोठा अडसर ठरतो. उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात पोलिसाला जे कुणी सांगत नाही, ते खानदानी घरातून आलेली पिटची पत्नी शार्लट काढून आणते.